एकतीस नंबरची ग्लेनिस

आमच्या फुटबॉल क्लबच्या मैदानावर उत्तरेकडच्या गोलमागं, कुंपणाला अगदी लागून आम्ही पंधरा-वीस जण बसायचो. पाऊस असो, वारा असो, हरत असो, जिंकत असो. प्रत्येकाच्या अंगात जाड लोकरी कोट आणि कोटाच्या पाठीवर कुणा ना कुणा खेळाडूचा नंबर शिवलेला. एकदा नंबर घेतला की तो खेळाडू तुमचा. त्यानं गोल मारला की लोक तुमची पाठ थोपटणार, त्यानं घाण केली की तुम्हालाच चार शब्द ऐकवणार.

ग्लेनिस पास्को आमच्यात आली १९८७ साली. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. सिडनी रोडच्या मागं मोजे-बनियनची एक गिरणी होती, तिथं ती कापड कापायच्या टेबलावर होती. आमच्या टोळीचा कारभार केरी नावाची बाई बघायची. तिनं ग्लेनिसला विचारलं, "नंबर कुणाचा घेणार?"

ग्लेनिस म्हणाली, "कुणाचा उरलाय?"

हे असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. येणारा प्रत्येक जण गोल मारणाऱ्यांचे नंबर मागायचा. केरीनं यादी काढली. एकतीस नंबर उरला होता. मॅली नावाच्या कोरड्या भागातल्या कुठल्यातरी गव्हाच्या गावातून आलेला एकोणीस वर्षांचा मुलगा, गॅविन लिडल. जागा फुल-बॅक.

आमच्या इकडच्या फुटबॉलमध्ये चेंडू हातानंही धरतात; त्यात फुल-बॅक म्हणजे आपल्या गोलसमोरचा शेवटचा माणूस. समोरच्या संघाचा सगळ्यात चांगला गोल मारणारा त्याच्या वाट्याला येतो आणि दोन तास त्याला चेंडू मिळू द्यायचा नाही, एवढंच याचं काम. ते चोख केलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. चुकला की एका गोलचे सहा गुण पाटीवर लागतात आणि तीस हजार लोकांना कळतं की कुणामुळं.

"चालेल मला," ग्लेनिस म्हणाली आणि पुढच्या शनिवारी पाठीवर एकतीस शिवून आली. टाके असे की यंत्रानं घातल्यासारखे.

त्या वर्षी सरावाच्या एका दिवशी ती त्याची सही घ्यायला गेली होती. त्यानं नाव विचारलं, तिनं सांगितलं. शेजारी लहान पोरांचा गोंगाट चालला होता. त्यानं वहीत लिहिलं, 'ग्लेन्डाला, शुभेच्छांसह.' त्यानंतर कधी कुंपणाजवळून गेला की तो हात वर करून म्हणायचा, "काय ग्लेन्डा, बरं आहे ना?" ती म्हणायची, "बरं आहे, गॅविन." सहा वर्षांत त्यांचं बोलणं झालं ते एवढंच. मी एकदा म्हटलं, अगं सांग त्याला नाव. तर म्हणाली, "आता इतक्या वर्षांनी सांगितलं तर त्यालाच ओशाळल्यासारखं होईल."

मी साल्वातोरे, सगळे सॅल म्हणतात. ट्राम चालवायचो. आमच्या डेपोच्या मागं एक रिकामी शेड होती, तिची किल्ली माझ्याकडं. तिथं मंगळवारी आणि बुधवारी संध्याकाळी आम्ही बॅनर करायचो. क्रेप कागदाचा, क्लबच्या रंगांचा, दोन मजली घराएवढा उंच. शनिवारी दोन लांब दांड्यांवर तो मैदानात उभा करायचा आणि आमचा संघ तो फाडून पळत आत येणार. दोन संध्याकाळींचं काम चार सेकंदांत खलास. लोक विचारायचे, कशाला करता. आम्हालाही नीट सांगता यायचं नाही.

बॅनरवरची अक्षरं ग्लेनिस कापायची. पट्टी नाही, पेन्सिल नाही. कागदाची घडी हातानं सारखी करायची, एकदा डोळा मिटून बघायची आणि कात्री चालवायची. हातभर उंचीचं अक्षर, वरपासून खालपर्यंत एक रेघ वाकडी नाही. ९१ साली गिरणी बंद झाली तेव्हा तिचं वय अठ्ठावन्न. त्या वयात तिला दुसरीकडं कोण घेणार. मग ती सोमवारीच शेडची किल्ली मागायला यायला लागली.

गॅविन पहिल्या पाच वर्षांत चांगला खेळला. फार चांगला असं मी म्हणणार नाही. पण त्याच्यावर विसंबून राहता यायचं. ९२ च्या मध्यावर त्याचा डावा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली आणि ९३ च्या मोसमात तो परत आला. मे महिन्यात एकानं त्याच्यावर नऊ गोल मारले. पंधरवड्यानं दुसऱ्यानं सात. मग शेडमध्ये दर मंगळवारी तोच विषय.

मर्व्ह डन्स्टन नावाचा एक जण आमच्यात होता, टपालखात्यातून निवृत्त झालेला. त्याची जीभ तिखट. "त्याच्या जागी गोलचा खांब परवडला," तो चिकटपट्टी ओढत म्हणाला. "खांबाला चेंडू लागला तर समोरच्याला एकच गुण मिळतो. लिडलच्या हाताला लागला की सहा."

केरी म्हणाली, "गुडघा उघडून शिवलाय त्याचा, मर्व्ह. एवढं वर्ष तर दे."

"दे ना. राखीव संघात दे. तो वीस वर्षांचा हॅलोरन तिथं दर शनिवारी जीव तोडून खेळतोय, त्याला वर आण."

"हॅलोरनला आत्ता कुठं मिसरूड फुटलंय," मी म्हटलं. "पहिल्याच सामन्यात गांगरून जाईल."

"गांगरला तरी पळेल तर. हा तर पळतही नाही. परवा तो दहा नंबरवाला त्याच्या शेजारून गेला तेव्हा मला वाटलं, लिडल बसची वाट बघतोय."

सगळे हसले. मीही हसलो. ग्लेनिस खाली मान घालून कात्री चालवत होती.

"ग्लेनिस, तू बोल की," मर्व्ह म्हणाला. "तुझं पोरगं आहे."

"माझं पोरगं नाहीये तो."

"मग कोण आहे?"

"माझा नंबर आहे," ती म्हणाली आणि पुढचं अक्षर कापायला घेतलं.

त्या दिवशी आम्ही दोघं ट्रामच्या थांब्यावर उभे होतो. मी समजूत घालायची म्हणून म्हटलं, "मर्व्हचं मनावर घेऊ नकोस. फॉर्म येतो, जातो."

"फॉर्म नाही तो," ग्लेनिस म्हणाली. "डावीकडं वळताना त्याचं अर्धं पाऊल मागं राहतं. मेपासून बघतेय मी. कापडाची थप्पी खालून सरकली ना, की वरून काही दिसत नाही. हाताला कळतं फक्त. तसं आहे हे. आता ते पाऊल परत येणार नाही, सॅल."

मी म्हटलं, "मग शेडमध्ये तू गप्प का बसतेस? मर्व्हला सांग, तुझं खरं आहे म्हणून."

"त्याला सांगून काय? त्याला माहीतच आहे." ट्राम आली. चढता चढता म्हणाली, "शनिवारी चौऱ्याण्णव झाले."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ती त्याचे सामने मोजतेय. आमच्याकडं शंभर सामने म्हणजे मोठी गोष्ट. शंभराव्याला पूर्ण बॅनर त्या एकट्या खेळाडूचा. त्याचं नाव, खाली आकडा, आणि त्या दिवशी कप्तान मागं थांबतो, तो खेळाडू सगळ्यांच्या पुढं पळत येऊन बॅनर फाडतो. एकतीस नंबर पाठीवर घेऊन ती सहा वर्षं त्या दिवसाची वाट बघत होती.

पंचाण्णव, शहाण्णव झाले. सत्त्याण्णवच्या वेळी अर्ध्या सामन्यात त्याला बाकावर बसवलं. अठ्ठ्याण्णवला आम्ही हरलो. पण दर गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला रेडिओवर संघ वाचत, तेव्हा फुल-बॅकपुढं त्याचं नाव असायचं. प्रशिक्षकाला दुसरं कुणी दिसत नव्हतं म्हणून म्हणा, की गुडघा फाटेपर्यंत खेळलेल्या माणसाची लाज म्हणून म्हणा.

नव्व्याण्णवावा सामना ऑगस्टमध्ये, घरच्या मैदानावर. त्याच्यावर आठ गोल झाले. आठवा गोल शेवटच्या मिनिटात, आमच्या डोळ्यांसमोर. चेंडू डावीकडं पडला, गॅविन वळला, आणि ते अर्धं पाऊल मलाही दिसलं. आम्ही चार गुणांनी हरलो. बाहेर पडताना फाटकाजवळ एक माणूस ग्लेनिसच्या पाठीकडं बघून म्हणाला, "कोट जाळून टाका, बाई." ती "एक्स्क्यूज मी" म्हणून बाजूनं निघून गेली.

मी घरी आलो. माझी बायको पीना मिरच्या भाजत होती. रेडिओवर सामन्यानंतरचा फोनचा कार्यक्रम चालू होता, आणि जो तो लिडलला शिव्या घालत होता. तेवढ्यात ओळखीचा आवाज आला.

"मी ग्लेनिस. कोबर्गहून."

पीनानं गॅस बारीक केला.

"बोला, ग्लेनिस," निवेदक म्हणाला.

"मला गॅविन लिडलबद्दल बोलायचंय."

"आज सगळ्यांनाच त्याच्याबद्दल बोलायचंय. बोला."

"मी गोलमागं बसते. सहा वर्षं त्याचा नंबर माझ्या पाठीवर आहे. पुढच्या शनिवारी त्याचा शंभरावा सामना आहे."

"अरे वा. मग तुम्हालाच विचारतो. आजचा खेळ तुम्ही बघितलात. सरळ सांगा, हा माणूस संघात असायला हवा का? हो की नाही?"

रेडिओवर दोन सेकंदांची शांतता फार मोठी वाटते. मी स्वयंपाकघरात उभा राहून त्या खोक्याला म्हणत होतो, हो म्हण, बाई, हो म्हण.

"नाही," ग्लेनिस म्हणाली. "त्याच्यानं आता होत नाही. पण एकच सामना—"

"ऐकलंत?" निवेदक म्हणाला. "त्याचा नंबर पाठीवर घेऊन फिरणारी बाई म्हणतेय. आता याच्यापुढं काय बोलायचं. पुढचा फोन."

मी तिच्या घरी फोन लावला. कितीतरी वेळ नुसता वाजत राहिला.

सोमवारी पेपरात एका स्तंभात दोन ओळी आल्या. लिडलवर त्याच्या गोलमागच्या माणसांचाही विश्वास उरलेला नाही, अशा अर्थाच्या. नाव नव्हतं, पण कोण ते सगळ्यांना ठाऊक होतं.

मंगळवारी शेडमध्ये मर्व्ह आला तो बोलायची तयारी करूनच आला असणार. दारातूनच म्हणाला, "काय ग्लेनिस, शेवटी आलीस ना आमच्या..." पण तिचा चेहरा बघितला आणि वाक्य तिथंच सोडून तो दांडे मोजायला लागला.

केरी म्हणाली, "ठरवायला हवं. संघ कळणार गुरुवारी. बॅनरला लागतात दोन दिवस. शंभराचा करायचा की नेहमीचा?"

"शंभराचा केला आणि तो संघात नसला तर?" मी म्हटलं.

"नसणारच," कुणीतरी म्हणालं. "आठ गोल खाऊन कोण ठेवतंय."

मग वादावादी झाली. कुणी म्हणे कागद वाया जाईल, कुणी म्हणे मैदानावर लोक दात काढतील. अखेर मर्व्ह बोलला. "हे बघा. तो भिकार खेळतोय हे मी शनिवारी पुन्हा ओरडून सांगणार. मला कुणी थांबवू नका. पण नव्व्याण्णव वेळा तो आपल्यासाठी उतरलाय. शंभराचा बॅनर करायचा. नाहीतर आपण कशाला बसतो इथं?"

असं ठरलं. ग्लेनिसनं त्याच्या आडनावाची सहा इंग्रजी अक्षरं कापली. नेहमीपेक्षा दीडपट उंच. पावसात टिकावी म्हणून मागून चिकटपट्टीचे सहा सहा थर लावले. बुधवारी निघताना तिनं मला एक पाकीट दिलं. माझा मार्ग क्लबच्या कार्यालयावरून जायचा.

"निवड समितीला द्यायचंय," ती म्हणाली.

"काय लिहिलंस?"

"रेडिओवर बोलले ते मागं घेतलं. पुढचं वाक्य राहिलं होतं, ते लिहिलंय."

मी ते खिडकीवरच्या मुलीकडं दिलं. तिनं ते एका टोपलीत टाकलं. टोपली भरलेली होती.

गुरुवारी साडेसहाला मी आणि पीना रेडिओला कान लावून बसलो. फुल-बॅक, लिडल. मी लगेच फोन उचलला, तर तिची लाईन व्यस्त. ठेवला, पुन्हा लावला, व्यस्त. मग कळलं की ती मलाच लावत होती. अखेर लागला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "ऐकलंस ना?" मी म्हटलं, "ऐकलं."

शनिवारी दक्षिणेचा वारा होता आणि बारीक पाऊस लागून राहिलेला. सव्वा वाजता आम्ही बॅनर मैदानाच्या कडेला गवतावर पसरला. दोन दहाला सामना. कार्यालयातला एक माणूस हातात कागद घेऊन आमच्याकडं आला. त्याला मी आधी कधी बघितलं नव्हतं.

"लिडल आज खेळत नाही," तो म्हणाला. "मांडीचा स्नायू. हॅलोरन खेळतोय."

"गुरुवारी तर पळत होता," मर्व्ह म्हणाला. "मी स्वतः बघितलाय सराव."

"मला जे सांगितलं ते मी सांगतोय. बॅनरवरचं नाव काढा."

केरी म्हणाली, "काढायला ते काय फळ्यावर लिहिलंय? अक्षर ओढलं तर मागचा कागद येईल."

"मग वरून पट्टा लावा. पण नाव दिसता कामा नये. माणूस मैदानात नाही आणि त्याचं नाव फडकतंय, टीव्हीवर दिसेल सगळं." त्यानं घड्याळ बघितलं. "पन्नास मिनिटं आहेत." आणि तो निघून गेला.

केरी त्याच्या मागं गेली, हातवारे करून बोलली आणि परत आली. मग सगळे ग्लेनिसकडं बघायला लागले. थर तिनं लावले होते. कुठून ओढलं तर फाटणार नाही, हे तिलाच माहीत. तिनं हातातली पिशवी खाली ठेवली, कात्री काढली आणि ओल्या गवतावर गुडघे टेकले.

दोन अक्षरं निघाली असतील. मी वर बघितलं तर गॅविन येत होता. क्लबचा कोट, टाय, केस विंचरलेले. सरळ चालत आला. मांडीचा स्नायू दुखावलेला माणूस तसा चालत नाही. आम्ही सगळे बाजूला झालो. तो ग्लेनिसच्या समोर, तसाच चांगल्या विजारीनिशी खाली बसला.

"एकटीनं नाही निघायचं ते, ग्लेन्डा," तो म्हणाला. "तुम्ही कापा, मी धरतो."

तिनं मान हलवली. दोघं कामाला लागले. तो नखानं चिकटपट्टीचं टोक उचलायचा, ती खालून कात्री घालायची. वाऱ्यानं कागद उचलायला लागला, तेव्हा मर्व्ह त्याच्या कडेवर बूट ठेवून तोंड दुसरीकडं करून उभा राहिला.

"गॅविन," ग्लेनिस म्हणाली, "रेडिओवर ती मी होते."

"कुठल्या रेडिओवर?"

"मागच्या शनिवारी. मी म्हणाले की तुझ्यानं होत नाही."

"मी मेपासून रेडिओ लावलाच नाही. पेपरही बंद केलाय." त्यानं एक पट्टी सोडवून गुंडाळी केली आणि खिशात टाकली. "आणि होत नाहीच ना माझ्यानं."

"मी पुढं बोलणार होते. त्यांनी फोन कापला."

"असू दे."

"पुढं असं होतं की—"

"ग्लेन्डा," तो म्हणाला, हळूच म्हणाला, "राहू दे. वर धरा जरा. हा 'डी' फाटतोय."

'डी' फाटलाच. त्यानं माफी मागितली, ती म्हणाली काही हरकत नाही. सहाही अक्षरं निघाल्यावर जिथं नाव होतं तिथं त्यांनी कोऱ्या कागदाचा पट्टा लावला. खालचा शंभराचा आकडाही झाकला. मग तो उठला. विजारीचे दोन्ही गुडघे ओले, हिरवे झाले होते. "थँक्यू," तो म्हणाला, कशाबद्दल कोण जाणे, आणि स्टँडकडं निघून गेला. अक्षरं भिजून लगदा झाली होती. केरीनं ती कचऱ्याच्या पिंपात टाकली.

बॅनर उभा राहिला. मधोमध रिकामा पट्टा. कप्तान पळत आला, फाडला, संघ आत गेला. तीस हजार लोकांत कुणी विचारलं नाही की त्याच्यावर आज काहीच का लिहिलेलं नाही.

आणि आम्ही जिंकलो. एक्केचाळीस गुणांनी. हॅलोरननं त्याच्या माणसाला एकच गोल मारू दिला. चौथ्या आणि शेवटच्या क्वार्टरच्या वीस मिनिटांत आम्ही कुंपणावर उभे राहून घसा फाटेपर्यंत ओरडत होतो. मर्व्ह माझ्या गळ्यात पडला. मी ग्लेनिसकडं बघितलं, तर तीही उभी राहून टाळ्या वाजवत होती.

परतताना ट्रामच्या थांब्यावर तिनं ओला कोट झटकला. मग म्हणाली, "सॅल, शेवटच्या क्वार्टरला मी त्याला विसरले होते. साफ विसरले. वीस मिनिटं तो माझ्या डोक्यातच नव्हता."

"आपण जिंकत होतो," मी म्हटलं.

"हो ना," ती म्हणाली.

गॅविन उरलेला मोसम राखीव संघात खेळला. ते सामने सकाळी अकराला व्हायचे, बघायला शे-दीडशे माणसं. ग्लेनिस जायची. ऑक्टोबरमध्ये क्लबनं ज्यांना सोडलं त्यांची यादी आली, तिसरं नाव त्याचं. तो गावी परत गेला, धान्याच्या कोठारावर काम धरलं, असं केरीला कुणाकडून तरी कळलं.

तिच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती. मी किती वेळा समजावलं. म्हटलं, "अगं, तुझ्या वीस सेकंदांच्या बोलण्यावर क्लब चालतो का? त्यांनी आठ गोल बघितले. त्यांनी गुडघा बघितला."

"गुरुवारी त्याचं नाव होतं," ती म्हणायची. "शनिवारी नव्हतं. मधे काय झालं?"

"काहीही झालं असेल."

"तुला माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं. आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं ते सांगणार नव्हते. मग ती विषय सोडून द्यायची. पण तिचा तो विचार गेला नाही.

पुढच्या मोसमात ती आली, तेव्हा कोटाची पाठ कोरी होती. केरीनं हॅलोरनचा नंबर देऊ केला. ग्लेनिस म्हणाली, नको, कुणा तरुण माणसाला दे. अक्षरं मात्र ती कापत राहिली.

९४ च्या जुलैमध्ये आमच्या संघाचा एक आठवडा मोकळा होता. पीनाची बहीण मिल्डुराला असते, तिच्याकडं जायचं ठरलं. ग्लेनिसला म्हटलं, चल, हवापालट होईल. एरवी ती कधी कुणाकडं काही मागायची नाही. त्या दिवशी म्हणाली, "येलबिर्रावरून रस्ता जातो का?"

येलबिर्रा म्हणजे गॅविनचं गाव; रस्ता तिकडून जात नव्हता. मी म्हटलं, "जातो."

शनिवारी दुपारी दोनला पोचलो. कोठारांचे उंच पांढरे नळे, एक रस्ता, एक खाणावळ आणि मैदान. खेड्यांत जशी पद्धत आहे, तशा मैदानाच्या चहूबाजूंनी गाड्या तोंडं आत करून लावलेल्या. लोक गाडीतच बसून सामना बघतात, आपल्या संघाचा गोल झाला की हॉर्न वाजवतात. पीना मागं बसली होती, ग्लेनिस माझ्या शेजारी. मी गाडी गोलच्या मागं लावली. फुल-बॅकला तो होता. थोडा जाड झालेला. त्याच्यासमोर कुठल्यातरी शेजारच्या गावचं एक पोरगं, वाऱ्यासारखं पळणारं.

शेजारच्या गाडीत दोन म्हातारे होते. काचा खाली.

"शहरात खेळून आलाय म्हणे."

"असेल. आपल्याला तर दर शनिवारी पाच-सहा गोल पडतायत त्याच्यामुळं."

"तिथूनही काढलाच ना त्याला."

"इथून कसा काढणार? दुसरं आहे कोण गावात? पोरं सगळी बाहेर."

"तो पोस्टवाल्याचा धाकटा..."

"तो तर चष्म्याशिवाय बायकोलाही ओळखत नाही."

ग्लेनिसनं तिच्या बाजूची काच वर केली. हँडल सावकाश फिरवत, पूर्ण वरपर्यंत. पीनानं थर्मासमधली कॉफी तिच्या हातात दिली.

तिसरं क्वार्टर संपलं. खेड्यात अशा वेळी बघणारे मैदानात उतरतात, खेळाडूंच्या भोवती उभे राहून प्रशिक्षक काय सांगतो ते ऐकतात. मी म्हटलं, "चल, सगळे जातायत. भेटून येऊ."

तिनं दाराच्या कडीला हात लावला होता. मग काढून घेतला. "नको."

"ओळखेल तो तुला."

"म्हणून तर नको. आपण बघितलं, हे त्याला कशाला कळायला हवं."

घोळक्याच्या कडेला तो वाकून उभा होता, दोन्ही हात गुडघ्यांवर. कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारून पुढं गेलं.

शेवटच्या क्वार्टरमध्ये त्या पोरानं आणखी दोन गोल मारले. समोरच्या गाड्यांचे हॉर्न वाजले. सामना हातचा गेलेला होता. मग एक चेंडू उंच आला. गॅविन मागून धावत आला, उजवीकडून, आणि त्या पोराच्या डोक्यावरून मूठ घालून त्यानं चेंडू ठोसून बाहेर घालवला. चांगलं केलं. सहा वर्षांपूर्वी करायचा तसंच. त्यासाठी कुणी हॉर्न वाजवत नाही.

ग्लेनिसनं माझ्या पुढून हात घातला आणि हॉर्न दाबला. एकदाच, पण बराच वेळ. शेजारचे दोघं म्हातारे आमच्याकडं वळून बघायला लागले. मैदानात गॅविननं मान वर केली, गाड्यांच्या रांगेवरून नजर फिरवली, आणि पुन्हा आपल्या माणसाच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

सामना संपायच्या थोडं आधी आम्ही निघालो. अंधार पडला की ग्लेनिसला गाडी लागते, आणि मिल्डुरा अजून दीड तासावर होतं.